गिलास आधी कुणी खाली ठेवला

मला उर्दू लिहिता येते, मराठी नुसती बोलता येते. म्हणून मी सांगतोय आणि माझी थोरली लेक लिहून घेतीय. मधूनमधून ती नाक मुरडते. "अब्बा, हे कशाला सांगायचं?" मी म्हणतो, लिही तू. आमच्या तामलवाडीत अजून पिणाऱ्यांची चार-पाच घरं आहेत, तिथं हे कुणालातरी वाचून दाखवावं लागणार. बारा वर्षं लाज धरून प्यालो, आता लाज सोडून सांगायला माझं काय जातंय?

मी दस्तगीर, नालबंद. बैलांच्या खुरांना पत्र्या मारायचं आमचं खानदानी काम. सोलापूरच्या बाजाराला जाणाऱ्या गाड्या आमच्या छपरापुढं थांबायच्या. निजामाच्या वेळी शिंदीचं दुकान उघड्यावर असायचं. पुढं आपण मुंबई राज्यात गेलो, दारूबंदी आली, दुकान बंद झालं आणि भट्ट्या ओढ्यात लपल्या. लपून बनलेली दारू आधीपेक्षा जहर. मला काय त्याचं? मी ओढ्यात जायला लागलो.

बैलाचा पाय

त्या दिवशी सकाळपासून घेतली नव्हती, एवढीच चूक. लोकांना वाटतं पिणाऱ्याचा हात पिऊन कापतो. उलटं आहे. दोन घोट पोटात गेले की माझा हात दगडासारखा स्थिर व्हायचा, नाही गेले की थरथरायचा. त्या दिवशी रशीदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, बाटली शेणात ओतून टाकली होती.

एका ओळखीच्या शेतकऱ्याचा बैल आला. पाडला, पाय बांधले, खूर साफ केलं, पत्री बसवली. तिसरा खिळा मारताना हात हलला आणि खिळा आतल्या जिवंत मांसात गेला. बैल एकदाच ओरडला. असलं ओरडणं मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, कारण माझ्या हातून असं कधी झालंच नव्हतं.

त्या माणसानं शिवी दिली नाही. स्वतःच दोर सोडला, बैलाला उठवलं. बैल तीन पायांवर उभा. जाताना एवढंच म्हणाला, "दस्तगीर, तुजा बाप डोळं झाकून मारायचा रं." मुस्काटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात डोळे पिवळे झाले. रशीदा मला ओढत धाराशिवला एका डॉक्टरकडं घेऊन गेली. त्यांनी उजव्या बरगडीखाली बोटं दाबली तसा मी ओरडलो.

"किती पिता?"

"थोडी."

रशीदा मागून म्हणाली, "थोडी म्हंजी जमिनीवर पडंस्तोवर, साहेब."

डॉक्टर म्हणाले, "काळीज, म्हणजे लिव्हर, सुजलंय यांचं. अजून वर्षभर असंच चाललं तर मला काही करता येणार नाही. आणि हे मला विचारायलाही येणार नाहीत."

मी हसलो. मला चारचौघांना हसवायची सवय, मी हसलो की लोक हसतात. त्या दिवशी कुणी हसलं नाही. तिथं पहिल्यांदा भीती वाटली. खरं सांगतो, मरणाची नाही. आपण हसवलं तरी आता कुणी हसणार नाही याची.

डॉक्टरांच्या दवाखान्यामागं पत्र्याची एक लांब खोली होती. आठ खाटा. दारू सोडायला आलेली माणसं तिथं चाळीस दिवस ठेवायचे. रशीदानं मला तिथं सोडलं आणि दोन्ही पोरी घेऊन तुळजापूरला भावाकडं निघाली. जाताना म्हणाली, "चाळीस म्हंजी चाळीस. एकुणचाळिसाव्या दिवशी आलात तर दार उघडायची न्हाय मी. पोरीबी दिसायच्या न्हाईत."

ती बोलली की बोलली. तिच्या बापाचंही तसंच होतं.

पहिले दिवस

पहिले चार दिवस मला नीट आठवत नाहीत आणि जे आठवतं ते लेकीला लिहायला सांगणार नाही. एवढं सांगतो, भिंतीवर मुंग्या चालत होत्या आणि त्या मुंग्या तिथं नव्हत्या. अंग असं कापायचं की खाट सरकायची.

शेजारच्या खाटेवर आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडचा एक शेतकरी होता, नामदेव. हडकुळा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, बोलणं जवळजवळ नाहीच. तो माझ्या दोन दिवस आधी आलेला, म्हणजे त्याच्याही अंगात कापरं होतंच. तरी तो उठून माझ्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावायचा. तांब्या धरणारा कापतोय, पिणारा कापतोय, निम्मं पाणी माझ्या गळ्यावर. पाचव्या दिवशी मला शुद्ध आली तेव्हा मी त्याला म्हणालो, "बाबा, तू पाणी पाजतोस का आंघोळ घालतोस?" तो हसला. तिथं आमची दोस्ती झाली.

मग रोजचा नेम लागला. सकाळी कण्या आणि ताक, मग विहिरीचं पाणी शेंदायचं, दुपारी सुंभ वळायचं, मग डॉक्टरांची सुई. रविवारी घरची माणसं. रशीदा पहिल्या रविवारी आली, भाकरीचं फडकं समोर ठेवलं. मग पिशवीतून कात्री काढली आणि माझी वाढलेली नखं कापली. दहाच्या दहा. हात कापत होता तर मनगट दाबून धरलं. तसंच उठून गेली. मी आठवडाभर त्या नखांकडं बघत होतो.

वाडगे

आता त्या खोलीतली खरी गोष्ट.

डॉक्टरांच्या डोक्यात एक खूळ होतं. ते म्हणायचे, "औषध मी देतो. पण माझा असा अंदाज आहे, पिणाऱ्याला माझ्यापेक्षा शेजारच्या खाटेवरचा माणूस जास्त सुधारतो, नाहीतर जास्त बुडवतो. कुणाचा कुणावर किती परिणाम होतो ते मला मोजायचंय."

मोजणार कशानं? तर चिंचोक्यांनी. कोपऱ्यात पडदा लावून मागं आठ मातीचे वाडगे मांडलेले. आमच्यात निम्म्यांना वाचता येत नव्हतं म्हणून प्रत्येकाच्या वाडग्यावर चुन्यानं चित्र काढलेलं. माझ्यावर नाल, नामदेवच्यावर मोट, आणि एक पाटील होते त्यांच्यावर फेटा. सांजेला एकेकानं पडद्यामागं जायचं. आज ज्याच्यामुळं आपला दिवस निभावला, त्याच्या वाडग्यात एक चिंचोका टाकायचा. कुणी नसेल तर टाकायचा नाही. डॉक्टर मग मोजून वहीत लिहायचे.

बिचाऱ्यांनी साधी गोष्ट सांगितली होती. पण आम्ही कोण? तेव्हा नुकतंच इलेक्शन होऊन गेलेलं. त्यात अशाच ओळीनं पेट्या, पेट्यांवर चित्रं आणि पुढं पडदा. आम्हाला वाटलं, ही निवडणूकच! खोलीचा पुढारी निवडायचाय. सगळ्यांनी मनातल्या मनात तेच धरलं.

पहिला आठवडा सगळे चिंचोके पाटलांना. त्यांच्यामुळं कुणाचा दिवस निभावत नव्हता. ते दिवसभर खाटेवर पडून सुनेला शिव्या घालायचे. पण पाटलाला सोडून दुसऱ्याला टाकायचं म्हणजे काय? उद्या गावात तोंड दाखवायचंय.

मला ते बघवेना. मी प्रचाराला लागलो. माझ्यापाशी बिड्या नव्हत्या की चहा नव्हता, जीभ होती. दुपारी सुंभ वळताना मी गोष्टी सुरू केल्या. जत्रेत पिऊन मी रेड्याला बैल समजून पत्र्या मारायला बसलो ती. भट्टीवर धाड आली तेव्हा फौजदारासमोर दारूचं मडकं डोक्यावर घेऊन "पाणी घ्या पाणी" म्हणत निघालो ती. पहिल्या धारेची कशी निळी जळते, घशातून उतरताना कशी जागा करत जाते, शेजारी मिरचीचं भजं असलं तर काय होतं... लोक पोट धरून हसायचे. नामदेव तर माझ्या तोंडाकडं बघतच राहायचा.

दुसऱ्या आठवड्यात पाटलांचा वाडगा रिकामा आणि माझा भरलेला. काय ऐट सांगू! पडद्यामागं जायचो तेव्हा स्वतःचा वाडगा हलवून आवाज ऐकायचो. पाटील चिडून म्हणाले, "ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण न्हाय पण गुण लागला. ह्यो नालबंद समद्यास्नी बिघडवणार." मी म्हणालो, "पाटील, हरल्यावर असंच म्हणतात." सगळे परत हसले.

तांबड्या रेघा

बाविसाव्या दिवशी डॉक्टरांनी मला आत बोलावलं. टेबलावर मोठा कागद. त्यावर गोलात आमची आठ चित्रं आणि एकमेकांना जोडणाऱ्या निळ्या-तांबड्या रेघा.

ते काय करत होते हे मला माहीत नव्हतं. दुपारनंतर प्रत्येकाला सुई देताना हळूच विचारायचे, आज प्यावंसं कधी वाटलं? तेव्हा शेजारी कोण होतं? काय बोलणं चाललं होतं? आम्हाला वाटायचं, साहेब सहज विचारतात.

"ही निळी रेघ म्हणजे चिंचोका," ते म्हणाले. "आणि ही तांबडी म्हणजे कुणामुळं प्यावंसं वाटलं ती."

माझ्या नालेकडं निळ्या रेघा येत होत्या. आणि तांबड्या? जवळजवळ सगळ्याच माझ्यापासून निघत होत्या. नामदेवकडं जाणारी तर इतक्यांदा ओढली होती की कागद फाटायला आलेला.

"दस्तगीर, तुमच्या गोष्टी लई रंगतात. पण त्या ऐकून माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं. हसतात, तुम्हाला चिंचोका टाकतात आणि रात्रभर तळमळतात. तुम्हाला दोष देत नाही. मलाही हे आत्ता कळलं."

दोष देत नाही म्हणे! माझं डोकं फिरलं. "मी काय पटकी आहे का, लोकांना लागायला?" म्हणून तसाच बाहेर आलो, पिशवी उचलली आणि चालायला लागलो. रशीदा, पोरी, चाळीस दिवस, सगळं डोळ्यांपुढं होतं. तरी पाय थांबले नाहीत. रागाला किती ताकद असते हे पिणाऱ्याला विचारा. प्यायला कारण हवंच असतं, आणि मला तर आयतं मिळालं होतं.

ओढ्याकाठी

गावाबाहेर ओढ्याला भट्टी होती. कुठं असते ते पिणाऱ्याला सांगावं लागत नाही, वास नेतो. अर्ध्या वाटेवर मागं चपला वाजल्या. वळून बघतो तर नामदेव, काखेत गाठोडं.

"तू कुठं?"

"तुमी जाताल तकडं."

"मी प्यायला चाललोय."

"मग म्या बी."

"तुला प्यायचीय का?"

त्यानं गाठोडं दुसऱ्या काखेत घेतलं. "ठावं न्हाय."

मी तिथंच त्याला परत पाठवायला हवं होतं. नाही पाठवलं. का? एकट्यानं प्यायलं तर पाप वाटतं, दोघं असले की मैफल होते. हे मी कुराणावर हात ठेवून कबूल करीन. तो मागं आला याचं मला बरं वाटलं होतं.

भट्टीवर एक म्हातारी होती. तिनं दगडावर दोन गिलास भरून ठेवले. दुपार टळलेली, ऊन अजून होतं. बावीस दिवसांनी तो वास नाकात गेला आणि माझे डोळे आपोआप मिटले.

मी गिलास उचलला. नामदेवनं उचलला. मी छातीपर्यंत आणला. त्यानंही आणला. मी थांबलो, तोही थांबला. मला वाटलं, चेष्टा करतोय. मी जरा खाली केला, तर त्याचाही हात खाली. परत वर, परत त्याचा वर. ओठाच्या चार बोटं खाली दोन गिलास असे थांबलेले.

"काय बघतोस रे?"

"काय न्हाय."

त्याचा चेहरा शांत होता. हावरेपणा नाही, काही नाही. तहान त्याची नव्हतीच. ती माझी होती आणि त्याच्या घशात गेली होती. मला तो कागद आठवला आणि खरंच भीती वाटली. या अल्ला, मी हा माणूस मारायला आणलाय! त्याची बायको रविवारी यायची, कडेवर दीड वर्षाची पोर असायची. ती पोर आमच्या सगळ्यांच्या खाटांवरून फिरायची.

मी गिलास दगडावर ठेवला. नामदेवनं ठेवला.

म्हातारी म्हणाली, "का रं, नासलीय व्हय?"

"न्हाय मावशी, दारू चांगली हाय."

आम्ही तसेच निघालो तशी तिनं आमच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. परतीची वाट अर्ध्या कोसाची. तीन वेळा मी मागं वळलो, दोन वेळा तो वळला. अंगाला दरदरून घाम. कसे पोचलो ते सांगता येणार नाही.

डॉक्टर दारातच उभे. दोघांच्या तोंडाचा वास घेतला. मग म्हणाले, "हातपाय धुवा. जेवण झाकून ठेवलंय." आणखी एक शब्द नाही. आयुष्यात माझ्यावर पुष्कळांनी उपकार केलेत, पण त्या न बोलण्यासारखा उपकार कुणी केला नाही.

उरलेले अठरा

गोष्टी बंद केल्या. दारूशिवाय माझ्यापाशी गोष्टच नाही हे तेव्हा कळलं. सुंभ वळताना काय बोलायचं? मग बैलांचं बोलायला लागलो. कुठल्या खुराला कसली पत्री, जमिनीनुसार खूर कसं झिजतं. लोक जांभया द्यायचे. सांजेला वाडगा हलवायचो, आवाज नाही. वाईट वाटायचं, का खोटं बोलू? एकदा पाटलांनी मला बैलाच्या लंगडण्याचं विचारलं आणि आम्ही तासभर बोलत बसलो. त्या दिवशी माझ्या मनात दारू आली नाही हे मला झोपताना ध्यानात आलं.

चाळिसाव्या दिवशी रशीदा दोन्ही पोरींना घेऊन आली. "हात पुढं करा," म्हणाली. मी केले. बघत राहिली. मग "चला" म्हणाली आणि पिशवी उचलली. एस.टी.त तिनं पदर तोंडावर घेतला होता, खांदे हलत होते. मीही रडलो. धाकटी विचारत होती, "अब्बा, तुम्हाला परत दुखायलं का?"

घरी आल्यावर सगळं गोड झालं असं कुणी समजू नका. मेहुणा वर्षभर माझ्याशी बोलला नाही. लोक बैल दुसऱ्या नालबंदाकडं न्यायचे, हळूहळू परत आले. सांजेला घसा अजून कोरडा पडतो. पण गावात कुणी सोडायला बघत असला की मी त्याच्याजवळ बसायचो आणि ओढ्याची गोष्ट सांगायचो. मी गिलास खाली ठेवला आणि नामदेव वाचला. शंभरदा सांगितली असेल. ती सांगताना माझी छाती फुगायची, आणि त्या दिवशी मग प्यावंसं वाटायचं नाही.

वाशी

पाच-सहा वर्षांनी नामदेवच्या थोरल्या लेकीचा साखरपुडा होता. आम्ही नवरा-बायको वाशीला गेलो. नामदेव अंगानं भरला होता. हडकुळा म्हणून ओळखू आला नसता. मांडवात त्यानं मला मानानं बसवलं. शेजारी मुलाकडचा एक पाहुणा होता, नात्यानं मुलाचा काका. त्याच्या तोंडाला भरदिवसा वास येत होता, हात गुडघ्यांखाली लपवलेले.

नामदेव त्याच्यापुढं येऊन बसला. कधी न बोलणारा माणूस, पण बोलायला लागला.

"पाव्हणं, हे दस्तगीरभाई. माजं लई जवळचं. आमी दोघं येका जागी हुतो. येकदा हे रागानं प्यायला निघालं. म्हनलं, येकटं गेलं तर नक्की पेताल, म्हून मागनं गेलो. गिलास तोंडापातुर आला ह्यांचा, अन् माज्या हाताकडं बघायलेत! म्या वर केला की वर, खाली केला की खाली. मनात म्हनलं, आता आपुनच घट व्हायाला पायजे. म्या खाली ठिवला, तवा भाईनं ठिवला. त्या दिसापासनं वाटतं, आपल्या हातात बी काय तरी जोर हाय. पाव्हणं, तुमच्या बी हातात हाय."

माझं रक्त उसळलं. अरे वा रे बहाद्दर! माझी गोष्ट उचलून माझ्याच तोंडावर? "ए नामदेव..." म्हणून तोंड उघडलं. त्यानं माझ्याकडं बघितलं. त्या डोळ्यांत खोटं नव्हतं.

आणि मग माझ्याच मनात आलं. त्याचा हात थांबला, त्याचा गिलास खाली गेला, हे मला दिसलं कसं? मीही त्याच्याच हाताकडं बघत होतो म्हणून ना? आधी कुणी ठेवला? खरं सांगतो, त्या क्षणी मला ठाऊक नव्हतं. अजूनही नाही.

सगळे माझ्या बोलण्याची वाट बघत होते. नामदेवही.

"व्हय," मी म्हणालो. "नामदेवनंच आधी ठेवला. मी त्याचं बघून ठेवला."

नामदेवनं मान खाली घातली. पाहुण्यानं गुडघ्यांखालून हात काढले आणि त्यांच्याकडं बघायला लागला. कापत होते.

परतीच्या गाडीत रशीदा म्हणाली, "मी दाराआडून ऐकलं समदं. तुमी तर आजवर उलटंच सांगत आलात."

"तो त्या गोष्टीवर उभा आहे रशीदा, ती कशी काढून घेऊ?"

धाराशिव मागं गेलं. मग हळूच म्हणाली, "मग तुमी कशावर उभं ऱ्हायचं आता?"

मी तिचा हात धरला. भरल्या गाडीत, चारचौघांदेखत, पहिल्यांदाच. तामलवाडी येईपर्यंत तिनं तो सोडवून घेतला नाही.